बैल गेला आणि झोपा केला

मेलेल्या माणसाचे मोल ठरविण्याच्या कामी आमच्या शासनांचा हात धरील असा दुसरा कोणी आम्हांस ठाऊक नाही. २०२५ च्या एप्रिल महिन्यात तेलंगण शासनाने आदेश काढून उष्णतेची लाट ही राज्यापुरती 'आपत्ती' ठरविली आणि उष्माघाताने दगावलेल्याच्या वारसांस चार लाख रुपये देण्याचे जाहीर केले. ह्या निर्णयाचे स्वागत झाले, आणि आम्हीही ते मनापासून करतो. ज्या घरातला कर्ता माणूस उन्हात कोसळला त्या घराला चार लाखांचा आधार थोडाथोडका नव्हे. परंतु वकिलाला एक वाईट खोड असते. तो कोणताही आदेश दोनदा वाचतो. एकदा त्यात काय दिले आहे हे पाहण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा, जे दिले आहे त्यावरचा हक्क नेमका कोणत्या क्षणी उत्पन्न होतो हे पाहण्यासाठी. त्या दृष्टीने पाहता ह्या चार लाखांवरचा हक्क माणूस मेल्याक्षणी उत्पन्न होतो. तो जिवंत असताना, त्याच्या अंगाची काहिली होत असताना, आडोशाच्या गार खोलीवर, चालत्या पंख्यावर, घागरभर थंड पाण्यावर आणि सलाइनच्या एका बाटलीवर त्याचा असाच ठाम, असाच रुपयांत मोजता येणारा हक्क आहे काय, असे कोणी विचारले, तर उत्तर देताना आमच्यासारख्या कायद्याच्या पदवीधरालाही घसा खाकरावा लागतो.

बैल गेल्यावर झोपा करण्याची ही रीत जुनी आहे. तिचे हिशेब पाहायचे तर राजधानीत बसून भागत नाही. उटनूरला जावे लागते.

उटनूर हे आदिलाबाद जिल्ह्यातले डोंगराळ मुलखाचे ठाणे. राजगोंड, कोलाम, परधान, तोटी, नायकपोड, आंध अशा जमातींची ही भूमी. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कार्यालय येथेच आहे, आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचे संरक्षण ह्या मुलखाला आहे. आमच्या वाचकांना हे गाव परके वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात आले, उटनूर पलीकडे राहिले. पण बाजारात, लग्नाकार्यात आणि दवाखान्याच्या ओसरीवर मराठी अद्याप तेथे ऐकू येते. १९४० नंतरच्या दशकात मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी जे केंद्र निघाले, त्याची गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली होती, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

आणि ते केंद्र तरी केव्हा निघाले? कुमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या शिपायांच्या गोळीला बळी पडल्यानंतर! गोंड का पेटून उठले हे समजावून घेण्यासाठी निजाम सरकारने मग हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञास पाचारण केले. मग शाळा आल्या, मग जमिनीचे पट्टे आले, मग केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत गाऱ्हाणी ऐकण्यासाठी अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. पुढे स्वराज्य आले. २० एप्रिल १९८१ रोजी उटनूरच्या वाटेवरील इंद्रवेल्लीस पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी हिशेबाने १३ माणसे मेली, लोकांच्या हिशेबाने त्याहून कितीतरी अधिक. आज तेथे स्मृतिस्तंभ उभा आहे. आधी मरण, मग चौकशी, मग सवलत, आणि शेवटी स्तंभ, हा क्रम ह्या भूमीला पाठ झालेला आहे. उष्णतेच्या बाबतीतही तोच क्रम चालू राहावा काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

गेल्या वैशाखात एका जमिनीच्या कज्जाच्या निमित्ताने आम्ही त्या बाजूला गेलो होतो. सोबतच्या माणसाला भोवळ आली म्हणून वाटेतल्या एका आरोग्य केंद्रात थांबलो. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. कारण दोष त्या केंद्राचा नव्हता, आणि अशी केंद्रे सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत. इमारत पक्की होती, रंग ताजा होता, दाराशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. वर मात्र उघडा सिमेंटचा गच्ची-स्लॅब आणि त्याच्या थेट खाली बाळंतिणींची खोली. वीज सकाळपासून गेलेली. परिचारिकेने चादरी भिजवून खिडक्यांना टांगल्या होत्या आणि लसींच्या शीतपेटीवर पोते टाकून ती मिनिटामिनिटाला घड्याळाकडे पाहत होती. कारण त्या लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान राहिल्या तरच लसी, एरवी नुसते पाणी. एक म्हातारी चार दिवसांच्या नातवाला पदराने वारा घालीत होती. आम्ही विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, "तव्यावर ठेवल्यावानी होतंय बाबा लेकराला. आमचं घर कुडाचं, तितं गार हाय. पर नेऊ कशी? सुनेला सलाइन लावलंय न्हवं."

ह्या एका वाक्यापुढे आम्हांस आमची सगळी वकिली फिकी वाटली. कुडाच्या भिंती आणि गवताचे वा कौलांचे छप्पर करून गोंडांनी जे पिढ्यान् पिढ्या साधले ते आमच्या सार्वजनिक बांधकामाला साधलेले नाही. जिला घर सोडून दवाखान्यात ये म्हणून आपण गावोगाव शिकविले, ती आली. आणि आल्यावर तिला कळले की दवाखाना घराहून तापतो!

हवामान बदलत आहे, म्हणून आरोग्यव्यवस्थेने त्याच्याशी जुळवून घेतले पाहिजे, असे वाक्य परिषदांमधून आपण नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ उटनूरच्या मातीत काय होतो हे जरा तपशिलाने पाहू. वैशाखात ह्या मुलखात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. तेंदूची पाने तोडण्याचे दिवस नेमके तेच. माणसाचे शरीर घाम गाळून स्वतःस गार ठेवते. अंगातले पाणी संपले की ती सोय संपते. आता ह्यात एक भर घाला. गोंड, कोलाम आदी जमातींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ह्या रोग्यांच्या शरीरातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढणाऱ्या वेदनांचा झटका येतो. म्हणजे जे ऊन शहरातल्या माणसाला नुसता थकवा आणते, तेच येथील तरुणाला रुग्णालयात नेऊन टाकते. त्याला तेथे हवे असते सलाइन, वेदनाशामक औषध, प्रसंगी रक्त. रक्ताची पिशवी थंड ठेवायला वीज हवी. आणि उन्हाच्या कडाक्यात पहिली दगा देते ती वीजच. पुढे मृग लागतो. ओढे फुगतात, पाड्यांचे रस्ते तुटतात, गरोदर बाईला खाटेवर घालून पाण्यातून न्यावे लागते. पाऊस ओसरला की डासांचे दिवस येतात, हिवताप येतो, गढूळ विहिरींमुळे जुलाब येतात. शेजारच्या निर्मल जिल्ह्यातील कडेम धरणाने जुलै २०२२ मध्ये दाखवून दिलेच आहे की पाऊसही आता पूर्वीच्या मापाने पडत नाही. धरणाच्या दरवाजांना पेलवेल त्याहून अधिक पाणी आले आणि खालची गावे रातोरात हलवावी लागली. उन्हाळा आणि पावसाळा ह्या दोन्ही ऋतूंत ज्या दिवशी रोगी सर्वांत अधिक येतात, त्याच दिवशी रुग्णालय सर्वांत दुबळे असते. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म ते हेच.

हे दूरच्या रानातले गाऱ्हाणे आहे असे मुंबईच्या वा गोमंतकाच्या वाचकाने समजू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि रोग्यांना वर हलवावे लागले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, वीज गेली, आणि तेथील एका करोना रुग्णालयात कृत्रिम श्वासाच्या यंत्रांवरील आठ रुग्ण दगावल्याचे वृत्त साऱ्या महाराष्ट्राने वाचले. त्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा करोनाची लाट भरात होती आणि कित्येक गावांतली वीज गेलेली होती. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी सन्मानसोहळ्यासाठी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या एप्रिलमधली दमट उष्णता माणसाने बिघडविलेल्या हवामानामुळे निदान तीस पट अधिक संभाव्य झाली होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी काढला. फरक एवढाच की मुंबईला एक रुग्णालय बुडाले तर दुसरे आहे, चिपळूणला रत्नागिरी आहे, म्हापशाला बांबोळी आहे. उटनूरच्या डोंगरातल्या पाड्याला एकच केंद्र असते. ते पडले की आदिलाबाद, आणि तेथेही भागले नाही की अडीचशेहून अधिक किलोमीटरांवरचे हैदराबाद.

आता ह्या प्रश्नाकडे कायद्याच्या अंगाने वळू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 'आपत्ती' ह्या शब्दाची जी व्याख्या आहे ती वाचण्यासारखी आहे. बाधित भागातल्या समाजाच्या तोंड देण्याच्या शक्तीपलीकडचे संकट, ते आपत्ती, असा तिचा आशय आहे. म्हणजे आपत्ती ही नुसती आभाळातून पडत नाही. आभाळातून जे पडते ते आणि आपली तयारी ह्यांच्या वजाबाकीतून ती उरते. रुग्णालय भक्कम केले की तेच ऊन आपत्ती राहत नाही, नुसते ऊन राहते. ही व्याख्या ज्या शासनाने एकदा मनावर घेतली ते मृत्यूनंतरच्या चार लाखांवर थांबूच शकणार नाही.

परंतु पैशाची वाटणी पाहा. २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्तिनिधीचे जे भाग पाडले त्यांत शेकडा ८० आपत्ती आल्यानंतरच्या साहाय्यासाठी आणि शेकडा २० ती येण्यापूर्वीच्या उपशमनासाठी होते. ह्याच आयोगापुढे आपत्तींची राष्ट्रीय यादी वाढविण्याची मागणी आली होती. आयोगाला तीत फारसे तथ्य दिसले नाही. परिणामी त्या यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट नव्हती! आदिलाबादचा डोंगराळ भाग हा तेलंगणातला सर्वांत थंडही आणि सर्वांत तापणाराही. तेव्हा त्या काळात पौषात गारठून मेलेला गोंड राष्ट्रीय आपत्तीचा बळी ठरे, आणि वैशाखात भाजून मेलेला तोच गोंड राज्यापुरत्या आपत्तीचा. मरणातही अशी वर्णव्यवस्था आम्ही राखून ठेवली.

आणि ते चार लाख तरी हाती पडणार कोणाच्या? मृत्यू उन्हानेच आला हे अधिकाऱ्यांनी प्रमाणित केले पाहिजे. ज्या पाड्यावर माणूस दुपारी कोसळला आणि ज्याची माती दिवस मावळण्यापूर्वी झाली, तेथे प्रमाणपत्र कोण देणार? पुराव्याचा भार मृतावर टाकणारा कायदा आम्ही तरी न्यायाचा मानीत नाही. ज्या भागात चांगले रुग्णालय नाही त्या भागात चांगला पुरावाही नसतो. म्हणून जिवंतपणी उपचार न मिळालेला माणूसच मेल्यानंतर भरपाईलाही मुकतो.

ह्यावर नेहमीचे आक्षेप येतील. त्यांतल्या चारांना आम्ही येथेच उत्तर देऊन ठेवतो.

पहिला आक्षेप असा की ऊन पूर्वीही होते, आमचे वाडवडील त्यातच वाढले. खरे आहे. पण वाडवडिलांची बाळंतपणे सिमेंटच्या स्लॅबखाली होत नव्हती, आणि त्यांच्या काळी रात्री तरी गार असत. शिवाय वाडवडिलांची किती पोरे जगली हा हिशेब त्या जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी मांडलेला आम्ही पाहिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक लबाड आहे. आदिवासी काटक असतात, त्यांना सवय असते! ही स्तुती ज्याच्या वाट्याला आली त्याचे वाटोळे ठरलेले. सिकलसेलचा रोगी काटकपणाने बरा होत नाही, आणि चार दिवसांच्या बालकाला तर घामदेखील धड येत नाही. सवयीचे हे तत्त्व इतके खरे असेल तर सचिवालयातली वातानुकूलन यंत्रे काढून घ्यावीत आणि अधिकाऱ्यांनाही सवय करून घेण्याची संधी द्यावी.

तिसरा आक्षेप सदिच्छेने घेतला जातो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. आधी डॉक्टर नेमा, औषधे द्या. हवामानाचे पुढे पाहू, असे कित्येक तळमळीचे कार्यकर्ते म्हणतात. पण ही कामे एकमेकांच्या मागे उभी राहणारी नाहीत. ज्या खोलीत दुपारी उभे राहवत नाही, जेथे रात्री दिवा नाही आणि पावसाळ्यात रस्ता नाही, तेथे नेमलेला डॉक्टर टिकत नाही. शीतपेटी बंद पडली की औषध असून नसल्यासारखे. छप्पर, वीज, पाणी आणि वाट ह्या चार गोष्टी वैद्यकाच्या बाहेरच्या वाटतात. वस्तुतः त्याच वैद्यकाचा पाया होत.

चौथा आक्षेप पैशाचा. ह्याचे उत्तर आम्ही देण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते १९९६ सालीच दिलेले आहे. हकीम शेख नावाचा एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झाला आणि कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून त्याला परत पाठविले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की वेळेवर वैद्यकीय उपचार मिळणे हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली. पण तेवढ्यावर न थांबता रुग्णालयांत कोणत्या सोयी वाढवाव्यात हेही सांगितले. २१ मार्च २०२४ रोजी, माळढोक पक्ष्याच्या रक्षणाच्या निमित्ताने आलेल्या एम. के. रणजितसिंह ह्यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये अनुस्यूत आहे, असे त्याने मान्य केले. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. उपचार हा हक्क आहे. हवामानाच्या माऱ्यापासून संरक्षण हाही हक्क आहे. मग उन्हात तग धरणारे, पुरात चालू राहणारे रुग्णालय हा ह्या दोन हक्कांचा अपरिहार्य निष्कर्ष नव्हे काय? माळढोकाच्या निमित्ताने जे तत्त्व प्रस्थापित झाले ते कोलामाच्या बाळंतिणीलाही लागू करावे, एवढेच आमचे मागणे आहे.

कागदावर काही नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कागद भरपूर आहेत. हवामानबदल आणि मानवी आरोग्य ह्यांसाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे; हवामानात टिकतील अशी आरोग्य केंद्रे कशी असावीत ह्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीतल छपरांचे धोरण जाहीर केले आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचे केले. मग वैशाखात आम्ही ज्या छपराखाली उभे होतो त्यासारखी छपरे अजून उघडी का? कारण 'मार्गदर्शक तत्त्व' ह्या शब्दातच पळवाट आहे. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' ह्यांतले अंतर कायद्याच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही जाणतो. जे तत्त्व मोडले असता कोणी जाब देत नाही ते तत्त्व भिंतीवरच्या सुविचारासारखे असते; वाचून बरे वाटते, एवढेच.

उपाय अवघड आहेत अशी समजूत करून देणे हा टाळाटाळीचाच एक प्रकार आहे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेने हाहाकार उडविला. तेथील शारदाबेन रुग्णालयात वरच्या मजल्यावरच्या प्रसूतिकक्षातली नवजात बालके तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येऊ लागली. डॉक्टरांनी कारण शोधले आणि कक्ष खालच्या मजल्यावर हलविला. नुसता हलविला, आणि तशा बालकांची संख्या लक्षणीय उतरली. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता-कृती आराखडा केला. शेजारच्या छत्तीसगडने शेकडो आरोग्य केंद्रांवर सूर्यप्रकाशावर चालणारी वीज बसविली. जो सूर्य भाजतो त्याच्याकडूनच पंखा चालवून घेण्याचे हे शहाणपण उटनूरला का जमू नये? सगळीकडे वातानुकूलन यंत्रे बसवा असे आम्ही म्हणत नाही. वीज गेली की ती यंत्रे लोखंडाचे डबे होतात. आम्ही म्हणतो ते साधे आहे. स्लॅबवर दर होळीला चुन्याचा पांढरा हात, बाळंतीण आणि बालक खालच्या मजल्यावर, शीतपेटी आणि प्रसूतिकक्ष ह्यांना पुरेल इतकी सौर वीज, विहीर आटली तरी पंधरा दिवस पुरेल इतके पाणी, ओढ्यावर पुलाची मोरी, आणि प्रत्येक मृत्यूच्या कारणाची नोंद.

आणखी एक गोष्ट दोन्ही राज्यांनी मिळून करावयाची आहे. केरामेरी आणि जिवती ह्यांच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा आदी चौदा गावांवर तेलंगण आणि महाराष्ट्र दोघेही हक्क सांगतात. तेथे मतदारयाद्या दोन आहेत, शाळा दोन आहेत, शिधापत्रिकाही दोन आहेत. मतांसाठी जी तत्परता दोन्ही राज्ये दाखवितात तीच तेथल्या आजाऱ्यासाठीही त्यांनी दाखवावी. ज्या जमिनीवर दोघे हक्क सांगतात तिच्यावरच्या रोग्याचे कर्तव्यही दोघांचेच आहे.

आता जाब विचारण्याची व्यवस्था. त्यासाठी नवे मंडळ, नवी समिती ह्यांची आम्हांस गरज दिसत नाही. केस्लापूरला दर पौष अमावास्येच्या सुमारास नागोबाची जत्रा भरते आणि तीत दरबार भरतो. उन्हाळा त्यानंतर दोन महिन्यांनी येतो. ह्या दरबारात दरवर्षी जिल्हाधिकारी आणि आदिवासी विकास संस्थेचे प्रकल्पाधिकारी ह्यांनी उभे राहून, गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत, प्रत्येक आरोग्य केंद्राचा हिशेब वाचून दाखवावा. कोणत्या छपराला चुना लागला, कोणत्या शीतपेटीला सौर वीज मिळाली, कोणता ओढा अजून मोरीवाचून आहे, गेल्या वैशाखात किती माणसे कशाने गेली. ज्या पाटलाच्या पाड्याचे काम झाले नसेल त्याने तेथेच उभे राहून विचारावे. हा वाचून दाखविलेला हिशेब लेखी नोंदला जावा आणि उपशमनाचा निधी त्यावरून वाटला जावा. गाऱ्हाणे ऐकण्याची ही प्रथा एका माणसाच्या बलिदानानंतर सुरू झाली. ती आता पुढच्या मरणांच्या आधी वापरली गेली, तर कुमराम भीमाचे त्याहून योग्य स्मरण दुसरे कोणते?

चार लाखांचा तो आदेश रद्द करा असे आम्ही म्हणत नाही. तो राहावा. पण शासनाच्या कर्तबगारीचे माप त्याखाली किती रक्कम वाटली ह्यावरून नव्हे, किती वाचली ह्यावरून घेतले जावे. ती रक्कम ज्या वर्षी उटनूरच्या डोंगरात एकाही घरी द्यावी लागणार नाही, त्या वर्षी आम्ही पुन्हा तेथे जाऊ, आणि ती म्हातारी भेटली तर तिला विचारू की आता दवाखाना तुमच्या कुडाच्या घराइतका गार झाला आहे की नाही. निकाल तिने द्यावा. त्यावर अपील करण्याचा आमचा विचार नाही.